तुरीच्या पोत्यामागचा देश

दसरा सरला की परभणी, सेलू, मानवत, जिंतूर येथील मोंढ्यांत सोयाबीनच्या ढिगांचे राज्य सुरू होते. तूर तेव्हा शेतात उभी असते, जेमतेम फुलावर आलेली. तरीही आडतीवर बसलेल्या माणसाच्या भ्रमणध्वनीवर लातूर, जालना, अकोला येथील डाळ मिलचे तुरीचे भाव येत राहतात आणि त्यांत एक नाव हमखास असते : गजरी. गजरी म्हणजे मोझांबिकची तूर. मुंबईच्या बंदरात ती किती उतरली, आणखी किती माल वाटेवर आहे, यावरून पौष-माघात आपल्या तुरीला काय मिळेल याचा अंदाज बांधला जातो. पोत्याचा भाव ठाऊक, दाण्याचा रंग ठाऊक, ओलावा ठाऊक. पोते ज्या देशातून आले तो देश मात्र नकाशावर बोट ठेवून दाखविता येईल असे व्यापारी मोंढ्यात थोडेच निघतील.

अलीकडे समाजातील पुष्कळ कुटुंबे आफ्रिकेत जाऊन येतात. नैरोबी आणि मोम्बासा ही नावे ओसवाल समाजामुळे आपल्याला परकी राहिलेली नाहीत. केनिया-टांझानियाची वन्यप्राणी सहल तर आता चारधामासारखी ठरून गेली आहे. मोझांबिककडे मात्र कोणी वळत नाही. एका दीर्घ यादवी युद्धातून बाहेर पडलेला आणि अजूनही पुरता न सावरलेला तो देश आहे. तेथे जाऊ इच्छिणाऱ्याने चार गोष्टी आधी समजून घेतलेल्या बऱ्या.

मोझांबिक आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर पसरलेला आहे. क्षेत्रफळ सुमारे ८ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपट. किनारा जवळजवळ २,५०० किलोमीटर. लोकसंख्या ३ कोटींहून अधिक. राजधानी मापुतो अगदी दक्षिण टोकाला आहे, तर तूर पिकते ती उत्तरेकडील नामपुला आणि मध्यभागातील झांबेझिया या प्रांतांत. मापुतोहून नामपुला रस्त्याने २,००० किलोमीटरच्या आसपास पडते. परभणीहून जम्मू गाठावे तसे. त्यामुळे दोन्ही ठिकाणे पाहावयाची असतील तर देशांतर्गत विमानाचाच आधार घ्यावा लागतो.

राज्यकारभाराची भाषा पोर्तुगीज आहे. मराठी माणसाला ती अगदीच अनोळखी वाटू नये, कारण चावी, बटाटा, काजू, अननस, कोबी आणि पाव हे शब्द आपल्याकडे याच भाषेतून आले. मोंढ्यात रोज सकाळी ज्याची आरोळी होते तो ‘लिलाव’सुद्धा मूळचा पोर्तुगीजच. जहाजावरून उतरलेला हा शब्द गोदाकाठच्या बाजार समितीत इतका रुजला की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही येत नाही.

या नात्याचा इतिहास जुना आहे. १४९८ मध्ये वास्को द गामा भारताच्या शोधात निघाला असता मोझांबिक बेटावर थांबला होता. त्या बेटाचेच नाव पुढे साऱ्या देशाला मिळाले. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याहून चाले. १६८६ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने दीव येथील वाणी व्यापाऱ्यांच्या मंडळाला दीव-मोझांबिक व्यापाराचा मक्ता दिला आणि तो १७७७ पर्यंत टिकला. या वाण्यांत हिंदू होते तसे जैनही होते. गुजरातचे कापड जाई आणि परतीच्या गलबतांत हस्तिदंत येई. पुढे गुलाम म्हणून माणसेही विकली गेली आणि त्या व्यवहारात याच मंडळींचे भांडवल गुंतलेले होते. समाजाच्या व्यापारी पराक्रमाचे पोवाडे गाताना हे पान सहसा उलटले जाते. अहिंसा सांगणाऱ्या घरांच्या वह्यांत हस्तिदंताची नोंद कोणत्या नावाने होत असेल, हा प्रश्न प्रवाशाने त्या बेटावर उभे राहून स्वतःला विचारावा.

नंतरचे पान वेगळे आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि पोर्तुगीज सरकारने त्याचा राग मोझांबिकमधील भारतीय नागरिकांवर काढला. त्यांना छावण्यांत डांबले, दुकाने व मालमत्ता जप्त केल्या आणि अखेरीस देशाबाहेर घालविले. पिढ्यान्‌पिढ्या बसविलेली पेढी काही आठवड्यांत गेली. मराठवाड्यातील ज्या घरांत रझाकारांच्या काळी दुकानाला कुलूप घालून सरहद्दीपलीकडे गेलेल्या आजोबांच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात, त्यांना याचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही.

२५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाला. सामोरा माशेल अध्यक्ष झाले. दोनच वर्षांत यादवी पेटली. एका बाजूला ‘फ्रेलिमो’ पक्षाचे सरकार आणि दुसऱ्या बाजूला ‘रेनामो’ हे बंडखोर, ज्यांना आधी ऱ्होडेशियाच्या आणि मग वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या राज्यकर्त्यांनी पोसले. सोळा वर्षांच्या त्या युद्धात आणि त्यापाठोपाठ आलेल्या उपासमारीत सुमारे १० लाख माणसे मेली असे मानले जाते. शेजारच्या देशांत पळालेल्यांची संख्या १७ लाखांच्या घरात गेली होती. शाळा जळाल्या, दवाखाने जळाले, आणि खेड्यांतील दुकाने बंद पडल्याने शेतकऱ्याला काजू विकून मीठ-साबण घेण्याचीही सोय उरली नाही. व्यापाऱ्याला दलाल म्हणून हिणविणे सोपे असते. खेड्यातले शेवटचे दुकान उठल्यावर काय होते, ते त्या वर्षांनी तेथील लोकांना दाखविले.

शांतता आली ती रोममध्ये. सांत एजिदिओ नावाच्या एका धार्मिक सेवाभावी मंडळाने दोन्ही पक्षांना एकत्र बसविले. त्या मंडळाजवळ सैन्य नव्हते, सत्ता नव्हती. दोन वर्षांहून अधिक काळ बोलणी चालली आणि ४ ऑक्टोबर १९९२ रोजी अध्यक्ष जोआकिम शिसानो आणि रेनामोचे अफोन्सो ढलाकामा यांनी करारावर सह्या केल्या. हा दिवस तेथे आजही राष्ट्रीय सुट्टीचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय लष्कराच्या तुकड्याही होत्या. करारानंतर काही दिवसांतच सर्वांना माफी देणारा कायदा झाला. खटले चालले नाहीत. बंडखोरांचा पक्ष झाला आणि तो संसदेत जाऊन बसला. खेड्यापाड्यांत तर लोकांनी स्वतःची रीत शोधली. हातून हत्या घडलेला मुलगा परतला की त्याला आधी पारंपरिक विधीने शुद्ध करावयाचे आणि मग घरात घ्यावयाचे. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणणाऱ्या वाचकाला यातील भाव कळेल. पण आपण सहसा ज्यांनी विशेष काही बिघडविलेले नाही त्यांची क्षमा मागतो आणि त्यांना क्षमा करतो, हेही त्याने मनाशी कबूल करावे.

मोझांबिकच्या राष्ट्रध्वजावर पुस्तक आहे, कुदळ आहे आणि बंदूकही आहे. विमानतळावर उतरताच ती दिसते आणि आपल्यासारख्याला खटकते. मात्र त्याच देशात १९९५ मध्ये बिशप दिनिश सेंगुलाने यांच्या पुढाकाराने एक वेगळाच विनिमय सुरू झाला. घरात पुरून ठेवलेली बंदूक आणून द्यावी आणि बदल्यात कुदळ, सायकल किंवा शिवणयंत्र घेऊन जावे. लोकांनी खरोखरच शस्त्रे आणून दिली. ती निकामी करून त्यांचे तुकडे कलावंतांना देण्यात आले. केश्तेर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिल्पकाराने २००१ मध्ये त्यांतून एक खुर्ची घडविली; ती ‘शस्त्रांचे सिंहासन’ म्हणून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलेली आहे. त्या खुर्चीतील एकही शस्त्र मोझांबिकमध्ये तयार झालेले नव्हते. माल सारा बाहेरचा. मरणारे तेवढे स्थानिक. लंडनला जाणे जमले नाही तरी मापुतोतील ‘नुक्लेउ द आर्त’ या कलावंतांच्या संस्थेत अशा धर्तीची शिल्पे पाहावयास मिळतात.

जमिनीत पेरलेले सुरुंग काढणे याहून अवघड होते. त्या कामात मोठे आफ्रिकी उंदीर वापरले गेले. एका बेल्जियन माणसाने उभारलेल्या ‘अपोपो’ या संस्थेने टांझानियात त्यांना स्फोटकाचा वास ओळखावयास शिकविले. उंदीर वास लागताच जमीन उकरतो आणि बक्षीस म्हणून केळ्याचा किंवा शेंगदाण्याचा घास मिळवितो. त्याचे वजन सुरुंग उडण्याइतके नसल्याने त्याला इजा होत नाही. माणसाला यंत्र घेऊन जेवढी जागा तपासावयास दिवसच्या दिवस लागतात, तेवढी तो अर्ध्या तासात हुंगून काढतो. सप्टेंबर २०१५ मध्ये मोझांबिक सुरुंगमुक्त झाल्याची घोषणा झाली. ज्या प्राण्याला पिंजरा लावावा की नाही यावर आपल्या वखारींत घरोघर वाद होतात, त्याने एका देशाची शेते नांगरण्याजोगी करून दिली.

त्या शेतांत मग जी पिके आली, त्यांत तूर होती. तेथील शेतकरी स्वतः तूर फारशी खात नाही. एक-दोन हेक्टरांत मका आणि कसावा घरापुरता लावावयाचा आणि तूर विकावयाची, अशी त्याची शेती. ग्राहक जवळजवळ एकच : भारत. आपल्याकडे २०१५ मध्ये तूरडाळ २०० रुपये किलोपर्यंत चढली आणि सरकारची झोप उडाली. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधानांच्या मापुतो भेटीत करार झाला : २०१६-१७ मध्ये १ लाख टनांपासून सुरुवात करून २०२०-२१ पर्यंत भारत वर्षाला २ लाख टन डाळवर्गीय धान्य घेईल. ही बातमी नामपुलाच्या खेड्यांत पोहोचली आणि शेतकऱ्यांनी तूर वाढविली. इकडे त्याच पावसाळ्यात मराठवाड्यानेही तूर पेरली आणि पाऊसही बरा झाला. पुढचे परभणीकरांना सांगावयास नको. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये, बाजारात त्याहून कितीतरी कमी, आणि २०१७ च्या उन्हाळ्यात खरेदी केंद्रांबाहेर बारदान्याची वाट पाहत उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तूर आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. करारातील माल तेवढा तीतून वगळला. करारापेक्षा कितीतरी जास्त पिकलेली तूर तिकडे पडून राहिली आणि तिचा भाव मातीमोल झाला. जिंतूरचा शेतकरी म्हणत होता की आफ्रिकेच्या तुरीने आम्हाला मारले. नामपुलाच्या शेतकऱ्याला दिल्लीच्या एका अधिसूचनेने मारले होते. दोघांचे म्हणणे खरे होते आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता.

याला ऋतूचेही कारण आहे. तेथे तूर साधारण जुलै-ऑगस्टपासून निघते आणि नकाला, बेइरा या बंदरांतून निघून सप्टेंबर ते नोव्हेंबरात आपल्याकडे पोहोचते. आपली तूर डिसेंबर-जानेवारीत येते. म्हणजे आपल्या खळ्यावर रास पडण्याआधीच डाळ मिलच्या वखारी अर्ध्या भरलेल्या असतात. मे २०२१ पासून आयात खुली झाली आणि मुदत संपत आली की तिची वाढ होत राहिली. मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राने बीडीएन-७११ आणि ‘गोदावरी’सारखे सरस वाण दिले, उत्पादन वाढले, पण भावाचा दोर अद्याप दुसऱ्याच्याच हाती आहे. ग्राहकाला स्वस्त डाळ हवी हे मान्य. तथापि पेरणीच्या आधी धोरण सांगावे आणि काढणीपर्यंत ते बदलू नये, एवढी अपेक्षा दोन्ही देशांच्या शेतकऱ्यांनी ठेवली तर ती फार नाही.

मोझांबिकला दुसरा फटका बसला तो कर्जाचा. २०१३-१४ मध्ये ट्यूना मासेमारी आणि किनाऱ्याची सुरक्षा यांसाठी तीन सरकारी कंपन्यांनी परदेशी बँकांकडून सुमारे २०० कोटी डॉलर उचलले. अर्थमंत्र्यांनी देशाच्या वतीने हमी दिली. संसदेला पत्ताच नव्हता. २०१६ मध्ये हे बाहेर आले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने व देणगीदार देशांनी मदत थांबविली, मेटिकल हे चलन कोसळले, सरकारला हप्ते भरता येईनात. ते अर्थमंत्री, मानुएल शांग, २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोषी ठरले. युद्धाने उद्ध्वस्त झालेला देश वीस वर्षे राबून पत मिळवितो आणि ती पत एका सहीने जाते, हे बँकेच्या व्यवहाराशी संबंध आलेल्या कोणालाही अस्वस्थ करणारे आहे. जामीन राहणाऱ्याला तसा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न गावच्या पतसंस्थेतही विचारतात. तेथे जगातील नामांकित बँकांनी तो विचारला नाही.

सुरक्षिततेबाबत स्पष्ट बोलणे इष्ट. २०१३ नंतर फ्रेलिमो-रेनामो संघर्षाने पुन्हा डोके वर काढले होते; ऑगस्ट २०१९ मध्ये नवा करार झाला आणि जून २०२३ मध्ये बंडखोरांचा शेवटचा तळ बंद झाला. तो प्रश्न मिटला म्हणावयास हरकत नाही. परंतु अगदी उत्तरेकडील काबो देलगादो प्रांतात २०१७ पासून निराळाच सशस्त्र उठाव चालू आहे. तेथील वायुप्रकल्पात भारताच्या तीन सरकारी कंपन्यांचा मिळून ३० टक्के वाटा असून हल्ल्यांमुळे २०२१ मध्ये ते काम थांबवावे लागले होते. त्या प्रांतात पर्यटकाने जाऊ नये. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीनंतर मापुतोसह अनेक शहरांत उग्र आंदोलने झाली, शेकडो माणसे मारली गेली, दुकाने व वखारी लुटल्या गेल्या. तेव्हा निघण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचावी आणि मापुतोतील भारतीय उच्चायुक्तालयाचा क्रमांक जवळ ठेवावा. मोटारी आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. म्हणून रात्री स्वतः गाडी चालविण्याचा मोह धरू नये. हिवतापाची खबरदारी डॉक्टरांना विचारून घ्यावी.

आहाराची चिंता असते तेवढी करण्याचे कारण नाही, मात्र सावध राहावे. किनारपट्टीचा देश असल्याने मासळी सर्वत्र असते आणि ‘भाजी’ म्हणून आलेल्या पदार्थातही कोळंबी निघू शकते. मातापा हा कसाव्याची पाने, शेंगदाणे आणि नारळ यांचा पदार्थ. तो मागण्याआधी विचारून घ्यावे. ‘सेम कार्ने, सेम पेइशे’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, एवढे दोन शब्द पाठ असावेत. कंद वर्ज्य मानणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की कसावा हाच आपल्या साबुदाण्याचा कंद आहे आणि उत्तरेत त्याचे पीठ रोजच्या जेवणात असते. मक्याच्या पिठाचा ‘शिमा’ मात्र आपल्या घट्ट उकडीच्या जवळचा आहे. फळे, काजू आणि पाव भरपूर. चौविहार पाळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवावी : जून महिन्यात मापुतोत पाच वाजून गेले की लगेच सूर्य मावळतो. सहलीच्या वेळापत्रकात संध्याकाळचे जेवण सातला असेल तर ते आपल्या कामाचे नाही. दुपारीच व्यवस्था करून घ्यावी लागते.

दिवस थोडे असतील तर दोन ठिकाणे निवडावीत. एक, देशाच्या मध्यभागातील गोरोंगोझा राष्ट्रीय उद्यान. युद्धकाळात दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी मांसासाठी आणि हस्तिदंत विकून शस्त्रे घेण्यासाठी तेथील नव्वद टक्क्यांहून अधिक मोठी जनावरे मारली. सुळे असलेले हत्ती गेले आणि सुळ्याविना जन्मणाऱ्या हत्तिणी वाचल्या. युद्धानंतर तेथील जवळजवळ निम्म्या हत्तिणी बिनसुळ्यांच्या आढळल्या. २००४ पासून अमेरिकन दानशूर ग्रेग कार यांच्या साहाय्याने उद्यान पुन्हा उभे राहिले असून आसपासच्या खेड्यांतील शाळा, आरोग्य आणि शेती ही कामेही त्याच योजनेत होतात. जुन्या हत्तिणी बरीच वर्षे मोटार दिसली की धावून येत. त्यांना आठवत होते.

दुसरे, मोझांबिक बेट. नामपुलाहून मोटारीने तीन-चार तासांत तेथे पोहोचता येते. शेवटचे तीन किलोमीटर समुद्रावरील अरुंद पुलाचे. १८९८ पर्यंत हीच राजधानी होती आणि १९९१ पासून ते जागतिक वारसास्थान आहे. सोळाव्या शतकातील किल्ला, मशिदी, हिंदू मंदिर आणि पडक्या पेढ्यांच्या रांगा अर्धा किलोमीटर रुंदीच्या त्या पट्टीवर दाटीवाटीने उभ्या आहेत. दीवच्या वाण्यांचा माल याच धक्क्यांवर उतरत असे.

तुरीचा हंगाम पाहावयाचा असेल, तर ऑगस्टमध्ये जावे. हवा कोरडी असते, डास कमी असतात आणि नामपुलाच्या रस्त्यांवर सायकलींवरून पोती येताना दिसतात. तेथील खरेदीदार काटा करताना भारतातील भाव विचारतो आणि दिल्लीची अधिसूचना कधी निघते यावर डोळा ठेवून असतो. मार्चअखेर जवळ आली की परभणीचा मोंढाही नेमके तेच करीत असतो.